शब्द ओठांशी येऊन अडतात तेव्हा : मोठ्यांच्या ॲप्रॅक्सियाचं निदान, थेरपी आणि घरचा सराव

डिस्चार्ज कार्डावर वर 'लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट' (म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूची एक मोठी रक्तवाहिनी तुंबून झालेला स्ट्रोक), खाली गोळ्यांची यादी आणि अगदी शेवटी 'स्पीच थेरपी ॲडव्हाइज्ड'. स्ट्रोकनंतर घरी परतलेल्या बहुतेक कुटुंबांच्या हातात वाचेबद्दल एवढाच मजकूर असतो. थेरपी कुणाकडे घ्यायची, किती दिवस घ्यायची, मुळात माणसाला झालंय काय, हे सगळं आपलं आपण शोधायचं. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, पुणे-सातारा मार्गावर नोकरी गेली. स्ट्रोकनंतर त्यांचं बोलणं अडलं, आणि ते सोडवायच्या खटपटीत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधं आणि उपचार ठरवणारे तुमचे डॉक्टर आहेतच. त्यांच्याकडे काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि घरी काय करायचं, तेवढं मी सांगू शकते.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट. बोलणं आत्ता, अचानक बिघडलं असेल, तोंड एका बाजूला ओढलं असेल किंवा एक हात वर होत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे ज्या रुग्णालयात सीटीची सोय आहे तिथेच थेट जायचं. 'जरा पडू दे, उठल्यावर बघू' यात तेच तास निघून जातात.

## १. आधी तीन आजार वेगळे करा

'वाचा गेली', 'जीभ जड झाली', 'बोबडं बोलतात' असं आपण सरसकट म्हणतो. यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघींवरचे उपाय वेगळे आहेत.

अफेझियात भाषाच बिघडते. शब्द सापडत नाही, भलताच शब्द येतो, दुसऱ्याचं बोलणं नीट कळत नाही. लिहिण्या-वाचण्यावरही परिणाम होतो.

डिसार्थ्रियात स्नायू दुबळे पडतात, ताठरतात किंवा त्यांचा ताळमेळ जातो. मग सगळंच बोलणं अस्पष्ट येतं, आणि बहुधा सारख्याच तऱ्हेने अस्पष्ट येतं. आकडे मोजा, गप्पा मारा, आरती म्हणा, फरक फारसा नसतो.

ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच म्हणजे तिसरीच भानगड. काय म्हणायचं ते माणसाला पक्कं ठाऊक असतं, ओठ-जिभेत जोरही असतो. पण कोणता अवयव कधी, कुठे, किती हलवायचा याचा जो आराखडा मेंदू बोलण्याआधी तयार करतो, तो विस्कटतो. अण्णांना हे समजावताना मी म्हटलं होतं, गाडी ठणठणीत आहे, ड्रायव्हर हजर आहे, प्रवासी बसलेत, फक्त वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गोंधळ आहे. ते हसले आणि कपाळावर हात मारला. कळलं होतं त्यांना.

अडचण अशी की या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र येतात. निव्वळ ॲप्रॅक्सिया क्वचित. बहुतेकांना जोडीला अफेझिया असतोच, कारण मेंदूच्या डाव्या बाजूला या दोन्हींची वस्ती शेजारीशेजारी आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचं वर्णन केलं, त्याच्या तोंडून 'तां' एवढंच निघायचं. भाषेचं केंद्र सापडलं म्हणून ती केस गाजली, पण त्या माणसाची भाषा किती गेली होती आणि उच्चाराची आखणी किती, यावर पुढे शंभर वर्षं वाद चालला. 'ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच' हे वेगळं नाव अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या फ्रेडरिक डार्ली यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलं. मेंदूत नेमकी जागा कोणती यावर अजून एकमत नाही. १९९६ मध्ये नीना ड्रॉंकर्स यांनी इन्सुला नावाच्या आतल्या भागाकडे बोट दाखवलं, २००४ मध्ये अर्गाय हिलिस आणि सहकाऱ्यांनी ते खोडून पुन्हा ब्रोकाच्या भागाकडे नेलं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. एमआरआयच्या रिपोर्टात 'ॲप्रॅक्सिया' असं कधी लिहून येत नाही. इजा कुठे झाली ते स्कॅन सांगतो. बोलण्याचं नेमकं काय बिघडलं, ते जाणकार माणसाने समोर बसून ऐकूनच ठरवावं लागतं. तेव्हा 'बोलण्याचं कळावं म्हणून पुन्हा एक एमआरआय काढू' असं कुणी सुचवलं, तर त्यातून काय वेगळं कळणार ते आधी विचारा.

## २. घरी बसून काय पाहायचं

तपासणीची तारीख मिळेपर्यंत वेळ फुकट घालवू नका. वही घ्या आणि पुढच्या गोष्टी टिपत जा.

शब्द लांबला की चुका वाढतात का? मराठीत ही परीक्षा फार सोपी आहे, कारण आपल्या शब्दांना शेपट्या लागत जातात. 'घर', 'घरात', 'घरातला', 'घरातल्यांना' असं एकापाठोपाठ म्हणायला सांगा. 'घर' जमलं, 'घरात' अडखळत आलं आणि 'घरातल्यांना'शी गाडी अडली, तर तसंच लिहून ठेवा. जोडाक्षरं असलेले शब्दही बघा : 'पाणी' आणि 'पाण्यात', 'रस' आणि 'रस्ता'.

आवाज काढण्याआधी ओठ-जीभ चाचपडतात का? म्हणजे तोंड उघडतं, ओठ मिटतात, जीभ पुढे येते, मागे जाते, आणि मग चुकीचा किंवा मधलाच, धड 'त' नाही धड 'ट' नाही असा उच्चार येतो. चूक झाल्याचं त्यांना लगेच कळतं, चेहऱ्यावर दिसतं, ते पुन्हा प्रयत्न करतात.

बोलण्याची लय कशी आहे? ॲप्रॅक्सियात अक्षरं तुटक येतात. 'दवाखान्यात' हा शब्द 'द-वा-खा-न्या-त' असा, प्रत्येक अक्षरावर सारखाच भार देऊन, मध्ये मोकळी जागा सोडून. परक्या माणसाला वाटावं, कुणी परदेशी नवं मराठी शिकतोय.

आपोआप येणारं बोलणं आणि ठरवून करायचं बोलणं यांत फरक आहे का? हा मुद्दा घरच्यांना सगळ्यात गोंधळात टाकतो. अण्णांना एक ते वीस आकडे यायचे, शुभंकरोती यायचं, आणि चिडले की एक शिवी अशी स्वच्छ यायची की आई पदर तोंडाला लावायची. त्यांच्या मार्गावरचे थांबे विचारले की एका दमात : स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा. तोच जुना सूर, मान तशीच किंचित मागे. मग मी म्हणायचे, 'अण्णा, आता नुसतं शिरवळ म्हणा.' आणि तिथे अडायचं. 'शि… सि… हि…' ओठ पुढे, जबडा खाली, डोळ्यांत पाणी.

हे पाहून घरात कुणीतरी म्हणतंच, 'मघाशी तर बोलले, आता मुद्दाम करतायत.' मुद्दाम नाही. शिवी, पाढे, प्रार्थना, पाठ झालेली यादी हे सगळं घोटून घोटून एकसंध झालेलं असतं. नव्याने जुळवायच्या शब्दाला मेंदूत पुन्हा आखणी करावी लागते, आणि बिघाड तिथेच आहे. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा स्पष्ट सांगून टाका, पाहुण्यांनाही.

मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढा. उजेड चेहऱ्यावर हवा, ओठ दिसायला हवेत. दवाखान्यात माणूस घाबरतो किंवा दमलेला असतो. घरचा व्हिडिओ थेरपिस्टला फार उपयोगी पडतो. पुढे सुधारणा झाली की नाही ते ताडून बघायलाही तोच लागतो, कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

## ३. योग्य माणूस गाठा

निदान आणि थेरपी दोन्हींसाठी लागतो तो स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, आपल्याकडे ज्यांना सगळे स्पीच थेरपिस्ट म्हणतात. पदवी बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. खरे थेरपिस्ट लगेच सांगतात.

पदवी असली तरी पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे : 'तुम्ही स्ट्रोकचे मोठे पेशंट घेता का?' आपल्याकडे बरीच क्लिनिकं उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी आणि श्रवणयंत्रांसाठी चालतात. तिथले लोक त्यांच्या कामात चांगले असतील, पण साठीच्या माणसासमोर फळांची रंगीत चित्रं ठेवून 'हे काय आहे, सांगा बरं' सुरू झालं, की पेशंटच उठून उभा राहतो.

मुंबईत वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, केंद्र सरकारची. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचं शिक्षण चालतं, तशीच ओपीडीही. पुण्यात भारती विद्यापीठात असा विभाग आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातून काही जण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेतही जातात. शिकवणाऱ्या संस्थांमध्ये खर्च कमी असतो आणि विद्यार्थी जास्त वेळ देतात. उलट बाजू अशी की विद्यार्थी बदलत राहतात. आम्ही तपासणी आणि आराखडा मोठ्या संस्थेत घेतला आणि रोजचं काम जवळच्या थेरपिस्टकडे केलं. गावाकडच्यांना हीच पद्धत मी सुचवेन. मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर चालतात, फक्त फोन हातात न धरता स्टँडवर ठेवा आणि थेरपिस्टचं तोंड मोठं दिसेल असा पडदा निवडा.

भाषेचा आग्रह धरा. घरात मराठी बोलत असाल तर थेरपी मराठीतच हवी. आपल्याला 'चहा'तला 'च' आणि 'चमचा'तला 'च' सारखा वाटतो का, विचारा स्वतःला. 'ळ' तर हिंदी शब्दांच्या यादीत मिळणारच नाही. परदेशात असाल तर पहिल्याच भेटीत दुभाषी मागा, आणि शब्दांची यादी घरून मराठीत करून न्या.

## ४. तपासणीच्या दिवशी

सोबत न्यायच्या गोष्टी :

- डिस्चार्ज कार्ड, सीटी/एमआरआयचे रिपोर्ट (फिल्म किंवा सीडीसह), चालू औषधांची यादी
- चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी. कवळी घरी राहिली तर 'स', 'त', 'फ' तपासून काही उपयोग नाही
- घरी काढलेले व्हिडिओ आणि वही
- आधीचं शिक्षण, भाषा, काम, लिहिता-वाचता किती येत होतं, कोणता हात चालायचा, याचं अर्ध्या पानाचं टिपण
- त्यांना रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस शब्दांची यादी : नातवंडांची नावं, चहा, बाथरूम, दुखतंय, नको, रिमोट

सकाळची वेळ मागा. दमलेल्या मेंदूची तपासणी खोटं चित्र देते.

थेरपिस्ट काय करतील? आधी तोंड बघतील : जीभ बाहेर काढा, गाल फुगवा, फुंकर मारा. काहींना सांगितल्यावर फुंकर मारता येत नाही, पण गरम चहा दिला की आपोआप मारतात. तोही ॲप्रॅक्सियाचाच एक प्रकार, तोंडाच्या हालचालींचा. मग 'प-प-प-प', 'त-त-त-त', 'क-क-क-क' भराभर म्हणायला लावतील आणि त्यानंतर 'प-त-क, प-त-क'. ॲप्रॅक्सियात एकेकटं अक्षर बऱ्यापैकी जमतं, तिन्हींची साखळी करायला गेलं की तुटते. पुढे लांब होत जाणारे शब्द, एकच शब्द पुन्हा पुन्हा, चित्राचं वर्णन, वाचन, लेखन, सूचना समजतात का ते. लिहून उत्तर अचूक येतं आणि तोंडाने येत नाही, असं दिसलं तर तो मोठा पुरावा असतो. मात्र उजवा हात गेलेला असेल तर डाव्या हाताने लिहायला वेळ द्यावा लागतो.

इंग्रजीत यासाठी 'ॲप्रॅक्सिया बॅटरी फॉर ॲडल्ट्स'सारख्या छापील चाचण्या आहेत, मेयो क्लिनिकच्या मंडळींनी २०१४ मध्ये मांडलेली एक गुणपट्टीही आहे. त्यातले इंग्रजी शब्द आपल्याला लागू नाहीत. चांगला थेरपिस्ट लक्षणांची यादी तीच ठेवून शब्द मराठी घेतो. शुगरसारखा अमुक आकड्यावर आजार, असं इथे नसतं.

निघताना तीन प्रश्न विचाराच : अफेझिया, डिसार्थ्रिया, ॲप्रॅक्सिया यांतलं काय आहे आणि कशाचा वाटा जास्त? गिळण्याची तपासणी झाली का? (पाणी पिताना ठसका लागत असेल तर हे आधी.) आणि पहिल्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट काय? उत्तर 'स्पीच सुधारेल' असं मोघम नको. 'नावं सांगणं, चहा-पाणी मागणं, फोनवर हॅलो-कोण बोलतंय' असं मोजता येईल असं हवं.

## ५. थेरपीत काय चालतं

ॲप्रॅक्सियावर गोळी नाही. रक्त पातळ करायची, बीपीची औषधं दुसरा स्ट्रोक टाळण्यासाठी असतात, ती चालूच ठेवायची. वाचेसाठी लागतो तो सराव, पण कसा सराव याला शास्त्र आहे.

सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरातली रीत म्हणजे 'माझ्याकडे बघा, ऐका, माझ्याबरोबर म्हणा'. जॉन रोझेनबेक आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ती आठ पायऱ्यांत बांधली. 'पाणी द्या' हे वाक्य घेतलं तर : आधी दोघं एकदमच म्हणतात. मग थेरपिस्ट म्हणून दाखवतो आणि पेशंट म्हणताना आवाज न करता नुसते ओठ हलवून आधार देतो. नंतर ओठांचाही आधार काढतो. मग एकदा ऐकून पेशंटने लागोपाठ अनेकदा म्हणायचं. मग लिहिलेल्या चिठ्ठीवरून, मग चिठ्ठी झाकून, मग 'तहान लागली तर काय म्हणाल?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून, आणि शेवटी नाटकासारखा प्रसंग उभा करून त्यात. एका पायरीवर जमलं की पुढची. फसलं की एक पायरी मागे. हे ओळखता आलं की थेरपीच्या खोलीत काय चाललंय ते कळतं आणि घरी तेच पुढे नेता येतं.

दुसरी पद्धत एकेका ध्वनीवर काम करते. ज्युली वॅम्बॉ यांनी ती विकसित केली आणि तिच्यावर बरंच संशोधन झालं आहे. इथे जवळजवळ सारख्या शब्दांच्या जोड्या लागतात. मराठीत त्या भरपूर : 'पोट-बोट', 'डाळ-टाळ', 'काल-गाल', 'तार-दार'. शब्द चुकला की जोडीतला दुसरा शब्द म्हणून बघायचा, अक्षर लिहून दाखवायचं, ओठ-जीभ कुठे ठेवायची ते सांगायचं. हे अभ्यास बहुतांशी स्ट्रोक होऊन बराच काळ लोटलेल्या लोकांवर झाले आणि त्यांच्यातही फरक दिसला. म्हणून 'सहा महिने झाले, आता काही व्हायचं नाही' असं कुणी ठणकावून सांगितलं तर गप्प बसू नका. सुरुवातीचे महिने सुधारणा भराभर होते हे खरं, पण दार त्यानंतर बंद होत नाही.

तिसरी गोष्ट लयीची. मेट्रोनोमच्या (ठेका देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर किंवा डाव्या हाताने मांडीवर टिचकी मारत अक्षर-अक्षर म्हणायचं. वेग पडतो, पण चुका कमी होतात. गाण्यातल्या सुरांचा आधार घेणारी मेलॉडिक इंटोनेशन थेरपीही १९७३ पासून आहे, मुख्यतः अफेझियासाठी. तिच्याबद्दल एक गैरसमज फार आहे. पाठ असलेला अभंग पेशंट पूर्ण म्हणतो, घरचे टाळ्या वाजवतात, आणि रोज अभंगच म्हणून घेतात. मन रमतं हे खरं, जरूर म्हणावा. पण तो थांब्यांच्या यादीसारखाच पाठ झालेला आहे. थेरपीत 'मला चहा हवा' हे रोजचं वाक्य दोन सुरांत बांधतात आणि सूर हळूहळू काढून घेतात.

## ६. घरचा सराव

निम्म्याहून जास्त काम घरीच होतं, म्हणून इथे जरा तपशिलात.

दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. सलग तासभर बसवण्यापेक्षा हे चांगलं. टीव्ही बंद, समोरासमोर, तुमचं तोंड त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. एका वेळी पाच-सहा शब्द पुरे, पण प्रत्येक शब्द भरपूर वेळा. हालचाल शिकायची तर घोटावं लागतं. यादी लांब करून काही मिळत नाही.

शब्द त्यांच्या गरजेचे निवडा. अण्णांच्या यादीत पहिला शब्द 'भाकरी' होता, दुसरा शेजारच्या मित्राचं नाव. 'कमळ' आणि 'बदक' घोटून कुणाचं पोट भरत नाही. 'प', 'ब', 'म' ओठांवर दिसतात, म्हणून तिथून सुरुवात बहुधा सोपी जाते. जोडाक्षरं नंतर.

आधी एकच शब्द सलग म्हणून घ्या. तो बसला की यादीतले शब्द उलटसुलट विचारा. उलटसुलट विचारताना चुका वाढतील, पण टिकाऊ शिकणं तिथेच होतं. प्रत्येक उच्चारावर 'बरोबर', 'चूक' असा शेरा मारत बसू नका. दोन-चार सेकंद थांबा, त्यांना स्वतःला ऐकू द्या.

एरवी दिवसभर मात्र मास्तरकी नको. ते चहा मागत असतील आणि 'चा' एवढंच निघालं, तर चहा द्या. 'नीट म्हणा, मग देते' हे मी अनेक घरांत ऐकलंय. फार वाईट रीत आहे ती. वाक्य तुम्ही पूर्ण करायचं की नाही, हेही त्यांनाच विचारा. काहींना मदत हवी असते, काहींना राग येतो. हो-नाहीच्या प्रश्नांत तोंडून 'हो'च्या जागी 'नाही' जाऊ शकतं, तेव्हा अंगठा वर-खाली करून खात्री करून घ्या. आणि मोठ्याने बोलू नका. कान ठीक आहेत.

माणूस गप्प गप्प राहायला लागला, जेवण तुटलं, सरावाला नकोच म्हणू लागला तर डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत.

## ७. बोलणं येईपर्यंतची सोय

पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत वीस शब्द आणि खाली बाराखडी, एवढ्यावर सुरुवात करा. लिहिता येत असेल तर खिशात छोटी पाटी किंवा वही. मोबाइलवर मराठीत टाइप केलेलं वाचून दाखवण्याची सोय आता मिळते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' आणि चेन्नईचं 'आवाज' ही आपल्याकडची ॲप्स आहेत. ती मुख्यतः मुलांसाठी बनलेली असल्याने काही मोठ्यांना चित्रं पोरकट वाटतात. आधी दाखवून मग ठरवा.

'याची सवय लागली तर बोलणार नाहीत' ही भीती सगळ्यांना वाटते. पुठ्ठा हाताशी असला की चिडचिड कमी होते आणि सरावाला बळ उरतं, असा आमचा अनुभव. शर्टाच्या खिशात एक कार्डही ठेवा : 'मला स्ट्रोक झाला आहे. मला सगळं समजतं. बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा.' खाली घरचा नंबर. मराठी आणि हिंदी दोन्हींत. बसमध्ये माणसाला दारुडा समजून खाली उतरवायला लोक मागेपुढे पाहत नाहीत.

## ८. इथे पैसे आणि वेळ जातो

जिभेवर वेखंड-मध चोळणं, जिभेखालची शीर सोडवणं, मशीनने शेक देणं. जीभ दुबळी नसताना जिभेला ताकद देऊन काय मिळणार? याच कारणाने नुसते जिभेचे व्यायाम, फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं यांनी ॲप्रॅक्सिया हटतो याला आधार नाही. थेरपिस्टचा सगळा वेळ त्यातच जात असेल आणि शब्द एकही घोटला जात नसेल, तर कारण विचारा.

मेंदूला चुंबकीय किंवा विजेचे हलके झटके देण्याच्या उपचारांवर संशोधन चालू आहे. ॲप्रॅक्सियासाठी ते अजून नेहमीचे उपचार झालेले नाहीत. 'दहा सिटिंगमध्ये बोलायला लागतील' असं पॅकेज विकणाऱ्याकडून लेखी हमी मागून बघा, त्याचं बोलणं लगेच बदलतं. एका ठिकाणी आमच्याकडून पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ मागितले होते. महिन्यामहिन्याने द्या. विम्याची पॉलिसी असेल तर ओपीडीतली थेरपी त्यात बसते का ते आधी लेखी विचारून घ्या, कित्येक पॉलिसींमध्ये बसत नाही.

## ९. स्ट्रोक नसताना हळूहळू बिघडत असेल तर

डोक्याला मार किंवा मेंदूतली गाठ यांनीही ॲप्रॅक्सिया होतो. पण काही थोड्या लोकांत असं कोणतंच कारण नसतं. पन्नाशी-साठीनंतर बोलणं महिन्यामहिन्याने संथ, तुटक होत जातं, आणि बराच काळ बाकी सगळं ठीक असतं. याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच म्हणतात. सुरुवातीला 'टेन्शन आहे' किंवा 'वय झालं' म्हणून हे सोडून दिलं जातं. इथे न्यूरोलॉजिस्ट हवाच, आणि दर काही महिन्यांनी तपासणीही, कारण पुढे चालण्यात, तोलात किंवा हातांच्या हालचालींत बदल दिसू शकतात. हा आजार वाढत जाणारा असल्याने थेरपीचं धोरणही उलटं : आवाज चांगला आहे तोवरच नेहमीची वाक्यं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची आणि ॲपची सवय आधीपासून लावायची.

## १०. कागदपत्रं आणि बँक

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा आणि वैद्यकीय रिपोर्ट लागतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही किमान मर्यादा. स्ट्रोकनंतर लगेच गेलात तर उपचार करून या म्हणू शकतात. हात-पायही गेलेला असेल तर अर्जात तेही नमूद करा, नाहीतर फक्त वाचेवर टक्केवारी ठरते.

बँकेत दोन ठिकाणी अडतं. सही जुळत नाही, आणि फोनवरच्या पडताळणीत 'खातेदारालाच बोलू द्या' म्हणतात. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत. काउंटरवर नकार मिळाला तर थेट शाखा व्यवस्थापकांना भेटा. फोन बँकिंगच्या नादी लागू नका. त्यांना घेऊन एकदा शाखेत जा आणि संपर्काचं साधन ईमेल करून घ्या.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची चिंता मात्र करू नका. अण्णांसारख्या ईपीएस-९५ च्या (कर्मचारी पेन्शन योजनेच्या) पेन्शनरांना दर वर्षी जीवन प्रमाण म्हणजे हाच दाखला द्यावा लागतो, ते २०२२ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येतं. बोलावं लागत नाही, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप केली की काम होतं.